काचेचं दुसरं टोक

त्या दिवशी मी दवाखान्यात काच बसवायला गेलो होतो, एवढंच. लढाई नुकतीच थांबली होती आणि गावात एक खिडकी धड नव्हती. काचवाल्यांना तेवढे बरे दिवस.

काचवाले म्हणजे आम्ही दोघं, मी आणि उंट्या. एका बाकावर बसलो, एकाच उस्तादाकडे काच कापायला शिकलो. मोठी काच एकट्याला उचलवत नाही. जिन्यात उंच माणूस खाली, बुटका वर. जन्मभर आमचं तसंच चाललं.

मग राजवट पालटली. उंट्याने दंडावर नव्यांची पट्टी बांधली आणि माझ्या धाकट्या भावाने त्यांच्याविरुद्ध बंदूक उचलली. दुकान एकच राहिलं, बोलणं तुटलं. एकाच किटलीतला चहा आम्ही एकमेकांकडे पाठ करून प्यायचो.

एका सकाळी नव्यांची माणसं मला न्यायला आली. दुकानाच्या दारात पट्टी बांधलेला उंट्या उभा राहिला.

"तो पळाला. आत बघून आलोय मी," म्हणाला.

मी त्याच्या मागेच, पेट्यांआड बसलो होतो. त्याने मान वळवली नाही. ते खोटं उघडं पडलं आणि संध्याकाळी त्याच्याच लोकांनी त्याला गिरणीच्या भिंतीशी उभं केलं. त्याच्यावर माती मी लोटली, माझ्या हातांनी.

तर दवाखाना. दुपार कलली होती. वरचा वॉर्ड अजून रिकामाच होता. हात द्यायला येतो म्हणालेल्या सुताराचा पत्ता नव्हता. चादरीत गुंडाळलेली काच मी जिन्याच्या तोंडाशी आणली आणि अंदाज घ्यायला एक टोक उचललं. काच एकदम हलकी झाली.

वाटलं, सुतार आला. "चल," म्हटलं आणि चढायला लागलो. काच हातात असताना मागे बघायचं नसतं, नजर पायरीवर ठेवायची. खालून पावलं येत होती, जरा फरफटत. जिन्यात जळक्या लाकडाचा वास होता. त्यात हळूहळू ओल्या मातीचा वास मिसळायला लागला.

"वळण आलं... कोपरा सांभाळ, बुटक्या."

मला बुटक्या म्हणणारा माणूस जगात एकच होता. माझं पाऊल पायरीवरच अडलं.

"थांबू नकोस... काच जाईल."

मी चढत राहिलो. "उंट्या," कसंबसं म्हणालो, "किती दिवस बोललोच नाही रे आपण..."

"आता बोलतोय की."

वर पोचलो. काच भिंतीला टेकवली, मग वळलो. जिना खालपर्यंत रिकामा होता. मी तिथेच पायरीवर बसून लहान पोरासारखा रडलो. भीती वाटायला हवी होती, पण आधी रडूच आलं.

काच बसवून झाली. हे उंट्याच्या बायकोला, वहिनींना सांगावं, निदान त्यांना तरी, म्हणून दिवेलागणीला त्यांच्या घरी गेलो. मी कडी वाजवायच्या आधीच दार किलकिलं झालं. माती लोटली त्या दिवसानंतर वहिनी प्रथमच हसताना दिसल्या.

"वहिनी, आज उंट्या..."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, भावजी. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

दार लोटलं गेलं. आतल्या अंधारात खाट करकरली आणि कुणीतरी कूस बदलली.