पिस्ता की मोतिया

"ताई, मला वेड लागलंय का, एवढंच सांगा. उद्या हे मला मुंबईच्या डॉक्टरकडे नेणार आहेत."

पेणच्या कचेरीत ईरा खुर्चीच्या कडेवर बसली होती. खासगी तपास करणाऱ्या विमल चेऊलकरांनी तिला पाणी दिलं. त्यांचे मदतनीस मोरोपंत, निवृत्त मास्तर, शेजारी बसले होते.

रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावात, ईराचं वडिलांकडून आलेलं घर होतं. सोमवारी तिचा नवरा विराज याने झोपायच्या खोलीत ऑइलपेंटचे दोन नमुने लावून घेतले. डावीकडे फिकट हिरवा पिस्ता, उजवीकडे पांढुरका मोतिया. पसंती तिची.

"खोली रिकामी केलीय, म्हणून मी सासूबाईंजवळ झोपते. आज शुक्रवार. सकाळी बघते तर रंग उलटे. हे म्हणतात, सोमवारपासून असेच आहेत, कुणी हातही लावला नाही. सासूबाईही तेच म्हणतात. याआधी कपाटातल्या वस्तू अशाच जागा बदलायच्या."

दुपारी तिघं अष्टमीला पोहोचली.

सासू इंदुबाई ओट्यावर होत्या. "माझे डोले गेले गो. मोतीबिंदू हाय. विराज बोलला तेच मी बोलले."

विराज तिघांना शांतपणे खोलीत घेऊन गेला. "बिचारीला काही आठवत नाही," तो म्हणाला. नमुना जवळून पाहताना मोरोपंत भिंतीला टेकू लागले.

"जपून, सदऱ्याला रंग लागेल," विराज म्हणाला.

विमलताईंनी इंदुबाईंना आत बोलावलं.

"मला तर दोन्ही सारखेच दिसतात," मोरोपंत पुटपुटले.

"रंग राहू द्या. सोमवारचा ऑइलपेंट शुक्रवारी सदऱ्याला लागतो का?" विमलताईंनी डावीकडच्या मोतियावर नख ओढलं. खालून पिस्ता निघाला. "हा कालच्या रात्रीचा आहे. तो ओला असल्याचं ईराला ठाऊक नव्हतं, इंदुबाईंना दिसत नाही. तुम्हाला मात्र माहीत होतं, विराज. बायको वेडी ठरली की घराचा कारभार तुमच्या हाती."

ईराने भिंत धरली. हाताला मोतिया लागला. तिने तो पुसला नाही.

इंदुबाई अगदी हळू बोलल्या.

"विराज, तुझ्या बापाला वेड्यांच्या इस्पितलात टाकलं. तो शेवटपर्यंत बोलत होता, मला कायपण झालेलं नाय. तेव्हा पण तूच होतास ना घरात?"

विराज दाराकडे वळला. दारात मोरोपंत उभे होते.