समोरचा

मिरजेच्या त्या इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर एकही आरसा नव्हता. बेसिनवरचेसुद्धा काढून टाकले होते. खिडक्यांना दुधी काचा आणि जेवायला चिनी मातीची ताटं, कारण स्टीलच्या ताटात तोंड दिसतं. प्रत्येक खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या असत. एकीवर पेशंट बसायचा, दुसरीवर त्याचा ‘समोरचा’.

“समोरच्यानं करायचं काय असतं नक्की?” धनपाल चौगुलेने विचारलं. शेजारी त्याची बायको सुमती ओढणीने तोंड गुंडाळून बसली होती. सांगलीजवळ त्यांचा हळद शिजवायचा घरचा कारखाना होता आणि तो चालवायची सुमतीच. गेल्या हंगामात कुकरचं झाकण उडालं आणि सगळी वाफ तिच्या तोंडावर आली. जीव वाचला, चेहरा गेला.

डॉक्टर मृण्मयी कुंभोजकर वयाने लहान होत्या, पण समजावून सांगायची त्यांना हौस होती. “आधी सगळ्या वाटा ऐकून घ्या. एक जुनी. मांडीची कातडी काढायची आणि तोंडावर ठिगळं लावायची. आकसलेल्या कातडीची ओढ कमी होते, पण ठिगळ ते ठिगळच. दुसरी बीजत्वचा. सुमतीबाईंच्याच पेशी घेऊन आम्ही प्रयोगशाळेत त्यांचा अख्खा चेहरा वाढवतो. कातडी, खालचे बारीक स्नायू, सगळं. पेशी त्यांच्याच, त्यामुळे शरीर तो परका मानत नाही. नाक त्यांचं, हनुवटीवरची खळी त्यांची.”

“मग झालं की!”

“नाही ना झालं. तो चेहरा कोरा असतो. हसू ओठांत नसतं, काका. कुठला स्नायू कधी आणि किती ओढायचा, या सवयीत ते असतं. तान्हं बाळ ही सवय आईच्या तोंडाकडे बघून उचलतं. आपण जीभ काढली की तेही काढतं. नव्या चेहऱ्यात मज्जातंतू रुजत असतात तेव्हा तोही तसाच शिकतो, जे तोंड समोर असेल त्याच्याकडून. सहा आठवडे. एकदा तंतू रुजले की शिकलेलं पुसता येत नाही. बीजत्वचा लावायची आणि समोर असं एक तोंड बसवायचं, ही तिसरी वाट.”

“मग तिचेच जुने व्हिडिओ दाखवा की. लग्नातला आहे, पोरीच्या बारशातला आहे.”

“करून बघितलं. व्हिडिओ उत्तर देत नाही, म्हणून चेहरा शिकत नाही. मग संगणकाची उत्तर देणारी तोंडं बनवली. ते पेशंट घरी गेले आणि मयताला गेले तरी रिसेप्शनला उभे राहिल्यासारखे हसायला लागले. माणूसच लागतो. आणि अजून एक. ठरवून केलेलं हसू उशिरा येतं. त्याच्या आधी, पापणी लवायच्या आत, तोंडावर काहीतरी येऊन जातं. त्याला आम्ही क्षणभाव म्हणतो. नवा चेहरा पहिल्यांदा तोच टिपतो. तेव्हा माणूस विचार करून निवडा.”

हे शेवटचं वाक्य धनपालच्या कानांवर पडलं, पण आत गेलं नाही. कारण त्याने माणूस निवडून टाकला होता.

धनपाल बँकेतून निवृत्त झालेला, पण बँक हे त्याचं पोट आणि नाटक हा त्याचा श्वास. उभी हयात राज्य नाट्य स्पर्धेत गेली. एकदा तर सख्खा भाऊ वारल्याचा फोन आला आणि हा गडी तिसऱ्या अंकात प्रेक्षकांना हसवून मगच घरी गेला. चेहरा सांभाळावा तर धनपालने, असं अख्खी सांगली म्हणायची. निदान धनपाल तरी तसं सांगायचा.

“मला काही सुचत नाही बघा,” ओढणीतून सुमती म्हणाली. “ठिगळं नकोत, कोरं नको. आणि खरं सांगू का, हे तोंडसुद्धा आता सवयीचं झालंय. बसायचंच असेल कुणी तर अक्का बसू दे.”

रत्नाक्का म्हणजे सुमतीची थोरली बहीण. जळलेलं तोंड पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिने दवाखाना डोक्यावर घेतला होता. छाती पिटून रडली होती बाई.

“अक्का?” धनपाल हसला. “अगं, जन्मभर रडकं तोंड घेऊन फिरायचंय का तुला?”

“मी रडले ते एकदाच रडले, धनपालराव,” बाहेर बाकावर बसलेल्या अक्काने संध्याकाळी त्याला ऐकवलं. “मनसोक्त रडले आणि मोकळी झाले. आता काय राहिलंय?”

“अक्का, हे नवऱ्याचं काम आहे,” तो म्हणाला. सुमतीने होकार दिला. मनात तिला बरंही वाटलं.

चेहरा बसवला आणि पट्ट्या निघाल्या त्या दिवशी धनपाल इस्त्रीचा सदरा घालून खोलीत शिरला.

समोर जे होतं त्याची त्याने तयारी केली नव्हती. नवा चेहरा ओला होता, लालबुंद, सुजलेला, आणि मेलेला. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि तिला ते कळत नव्हतं. पाय जागीच अडला त्याचा. पण गडी नट होता. क्षणात सावरला आणि झकास हसला.

“काय सुमे, ओळखलंस का?”

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. डोळे तेवढे जुने होते.

मग रोजचा क्रम सुरू झाला. सकाळ-संध्याकाळ समोर बसायचं. तो तिला गावातल्या गमती सांगायचा, नकला करायचा, भुवया उडवायचा, चमच्याने पेज भरवायचा. डोळ्यांत तेल घालून सगळं केलं त्याने. त्यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त तिच्याकडे सरळ बघणं अवघड जायचं. पण त्यावरही त्याच्याकडे रंगमंचावरची एक युक्ती होती. समोरच्या नटाच्या नजरेला नजर देववत नसेल तर त्याच्या कानाच्या पाळीकडे बघावं. प्रेक्षकाला फरक कळत नाही. धनपाल खोलीत शिरला की आधी सुमतीच्या कानाच्या पाळीकडे बघायचा, श्वास घ्यायचा आणि मग हसायचा.

रात्री घरी आडवा पडला की त्याचं डोकं गरगरायचं. आपल्याला तिची किळस येते का? छे! जिच्याशिवाय चहा गोड लागत नाही तिची किळस? मग दाराशी पाय जड का होतात? माया तर कणभरही कमी झाली नव्हती, उलट वाढली होती. ती वाढते आणि पायही अडतो, हे दोन्ही एकाच माणसात कसं काय राहतं, याचा उलगडा त्याला होईना. शेवटी तो स्वतःची समजूत घालायचा: आत काहीही असेना, बाहेर दिसत नाही ना? बस्स.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. पाचव्यात ती हसली, आणि हसताना तिची उजवी भुवई उडाली, हुबेहूब धनपालसारखी. नर्सनी टाळ्या वाजवल्या. धनपाल तर हवेतच होता. सूज उतरली, लाली गेली, हनुवटीवर खळी उमटली आणि सुमती सुमतीसारखी दिसू लागली.

घरी आल्यावर पहिली भेटायला अक्का आली. हातात पुरणपोळ्यांचा डबा. सुमतीने दार उघडलं, अक्काकडे बघितलं, आणि तोंडभर हसली.

अक्का उंबऱ्यावरच थबकली. “काय गं? मी आलेली आवडलं नाही होय?”

“असं काय बोलतीस अक्का? वाटच बघत होते तुझी!”

“मग अशी काय बघतीस?”

कशी, ते अक्काला सांगता येईना. चार दिवसांनी शेजारच्या गुंडेवहिनींनी आपलं बाळ सुमतीच्या मांडीवर दिलं. सुमतीने त्याच्याकडे कौतुकाने बघितलं आणि बाळाने भोकाड पसरलं. कारखान्यातल्या बायका तिच्यासमोर पदर नीट करायला लागल्या, आपल्याच अंगाला काही लागलंय की काय अशा.

धनपाल तिला घेऊन पुन्हा मिरजेला गेला. डॉक्टर सुमतीसमोर बसल्या, थोडा वेळ तिच्याशी बोलल्या आणि मग धनपालला एकट्याला आत बोलावलं.

“हसण्याच्या आधी बघा, काका. नाकपुडी किंचित आखडते. नजर समोरच्याच्या कानाकडे सरकते. मग हसू येतं. प्रत्येक वेळी, कुणीही समोर असलं तरी.”

“हे तिचं नाही.”

“नाही. क्षणभाव आहे. समोरच्याचा.” डॉक्टरांचा आवाज मऊ होता. “तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही. त्या अवस्थेतला चेहरा बघून बहुतेक सगळ्यांना तसं होतं. म्हणूनच म्हटलं होतं, माणूस विचार करून निवडा. ज्याचं हे सगळं आधीच होऊन गेलंय असा.”

“मी तर... मी दाखवलं नव्हतं हो.”

“हसू तुम्ही दाखवलंत. तेही शिकल्यात त्या.”

“काढता येईल?”

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

परतीच्या वाटेवर, आपण गुन्हा केला की सेवा केली, हेच त्याला कळेनासं झालं होतं. घरी आल्यावर सुमती सरळ आतल्या खोलीत कपाटाच्या आरशापुढे जाऊन उभी राहिली. तोही मागोमाग गेला.

“डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगू नका,” ती आरशातच बघत म्हणाली. “मला ठाऊक आहे. रोज इथं उभी राहते ना, तेव्हा ही बाई माझ्याकडे बघते आणि नाक आखडते. मला पहिल्यापासून वाटत होतं, ही नजर मी कुठंतरी बघितलीय. सहा आठवडे तीच बघत होते की. मला वाटायचं, तुम्ही दमताय.”

“सुमे, माझ्या मनात तसं काही नव्हतं. आईशप्पथ. म्हणजे होतं, पण... मला माझंच कळत नाही गं.”

ती वळली. इतक्या वर्षांच्या संसारात ती रागावली की धनपालला नुसत्या तोंडावरून कळायचं. रुसली, हसू दाबलं, माफ केलं, सगळं. त्याने आशेने तिच्या तोंडाकडे बघितलं.

तिची नाकपुडी आखडली. नजर त्याच्या कानाच्या पाळीकडे सरकली. मग ती सुरेख हसली.

“हे मी करत नाही हं,” सुमती म्हणाली.

धनपाल तिच्याकडे बघत राहिला. ती खरं बोलतेय की नाही, हे कळायचा दुसरा कुठलाच मार्ग आता त्याच्याकडे नव्हता.