बिनआवाजाचं बोलणं

यंत्रमागांच्या कारखान्यात कुणी कुणाला हाक मारत नाही. सगळे माग एकदम खडखडत असताना घसा फोडून उपयोग नसतो. तिथली माणसं नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. नवऱ्याने ही बोली कामावरून घरी आणली. त्याच खडखडाटात त्याचे कान गेले, तेव्हा ती घरची भाषाच झाली.

बायकोला त्याचं भारी कौतुक होतं. ऐकू येत नाही म्हणून कुरकुर नाही, कुणावर चिडचिड नाही. त्यांची लेक मुंगी तान्ही असताना तो पाळण्याच्या कठड्यावर तळवा टेकून बसायचा. पोर नुसती वळवळली की त्याला कळायचं, म्हणून दुपारी बायकोला घटकाभर निर्धास्त झोप मिळायची. बाहेर मात्र त्याचे कान म्हणजे हीच. दुकानदार, डॉक्टर, शेजारी, सगळ्यांचं बोलणं ऐकून ओठांवर उतरवता उतरवता हिचं डोकं भणभणायचं.

सासूबाई आल्या की म्हणायच्या, "अगं, भांडतासुद्धा मुक्याने! पोर बोलायला शिकणार कुणाचं ऐकून?"

ते वाक्य तिच्या काळजात रुतून बसलं होतं. मुंगी अडीच वर्षांची झाली तरी तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. हसायचीही आवाज न करता. तपासणीत कान उत्तम निघाले. मग दोष कुणाचा? ओठांनीच बोलणाऱ्या आईचा नाही तर कुणाचा?

म्हणून तिने हट्टाने नवऱ्याला कानाची मशीन घ्यायला लावली. घरात आवाज हवा होता. मशीन बसवली त्या दिवशी तो नळ सोडून उभा राहिला. "पाणी एवढं बडबडतं?" म्हणाला आणि हसत सुटला. दुकानातही तो स्वतःच बोलला. ती शेजारी नुसती उभी. तिला हलकं वाटलं आणि थोडं रिकामंही.

तिची सवय मात्र सुटेना. एका सकाळी तो पाठमोरा दाढी करत होता. ती ओठांनीच म्हणाली, "दूध संपलंय."

"येताना आणतो," तो म्हणाला.

आरशात दिसलं असेल, तिने स्वतःला समजावलं. मग आरसा आठवला. तो तडकला म्हणून कालच खाली उतरवून ठेवला होता.

दुपारी ती पडद्याआड उभी राहिली आणि कधीच न बोललेलं वाक्य ओठांवर आणलं. मला भीती वाटते.

पलीकडून त्याचा आवाज आला, "कसली गं?"

तिने जाऊन विचारलं तेव्हा कानाच्या डॉक्टरीणबाई हसल्या. "अहो, मशीन आवाज मोठा करते. मुळात नसलेला आवाज ती कुठून आणणार?"

नवऱ्याला मात्र यात नवल वाटत नव्हतं. उलट एकदा जेवताना तो कौतुकाने म्हणाला, "मुंगी किती बोलते गं दिवसभर! तोंडाला विसावा म्हणून नाही."

तिच्या हातातला घास तसाच राहिला. कोपऱ्यात मुंगी कारखान्यातल्या सुताच्या रिकाम्या कांड्या एकावर एक रचत होती. ओठ भराभर हलत होते. आवाज नव्हता. ओठ वाचण्यात तरबेज असलेल्या आईला त्यातला एक शब्दही लागेना.

"काय म्हणते?"

"असंच. तुझ्याबद्दल."

"माझ्याबद्दल काय? अहो, सांगा ना."

त्याने भाजी वाढून घेतली. आजवर तिच्यापासून त्याने काही लपवलं नव्हतं.

तरी ती त्या दोघांकडे बघत राहायची. लेकीच्या बोलण्याकडे इतका कान देणारा बाप तिने कुठे पाहिला नव्हता. जे आपल्याला जमलं नाही ते याला जमलं, असं तिला वाटायचं. आता एक शब्द मोठ्याने यावा, एवढंच.

रविवारी उन्हं कलताना ती गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन अनवाणी खाली आली. दार अर्धवट उघडं होतं.

तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. मुंगी त्याच्या पाठीशी. दोघं एकमेकांकडे बघत नव्हती.

मुंगीचे ओठ हलले. त्याने मान हलवली.

मग त्याचे ओठ हलले. बाजूने दिसत होते, वाचता येत नव्हते. मुंगीने मान हलवली.

ती दाराबाहेरच थांबली.

मुंगी दाराकडे वळली नाही. पण पहिल्यांदाच तिचा आवाज आला. स्वच्छ आणि मोठ्या माणसासारखा शांत.

"हळू, बाबा. आई ऐकतेय."

बोलली! माझी पोर बोलली! आनंदाच्या भरात कपडे तिच्या हातातून निसटले. काय बोलली, ते त्यानंतर तिच्यापर्यंत पोचलं.

त्याची मान हलायची थांबली. खोलीत आधीही शांतताच होती. तरीही काहीतरी चाललेलं मध्येच बंद झालं, हे तिला अगदी नीट ऐकू आलं.