पुन्हा तूच खेळ

स्नूकरच्या चार नंबरच्या टेबलावर एक अनोळखी तरुण एकटाच खेळत होता, आणि स्वतःलाच फाऊल देत होता!

मी क्यूची पेटी काखेत धरून दारातच थबकले. बाहेर साऱ्या दरीत पावसाची भुरभुर चालली होती, क्लबच्या काचेच्या छतावर तिचा बारीक नाद येत होता. त्याने नेम धरला, मग एकदम ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "फाऊल. बाही चेंडूला लागली."

"कुणाला सांगताय?" मी विचारलं. "इथे ना पंच, ना दुसरा खेळाडू..."

"मी आहे ना," तो म्हणाला, आणि हसला. त्या हसण्याने माझी सगळी पंचाईत केली.

"असाल. पण दुपारी हे टेबल माझं असतं."

"मग आपलं म्हणूया?"

"पहिल्याच भेटीत? फारच घाई दिसते तुम्हाला!"

"पोस्टमन आहे हो. उशीर करून कसं चालेल?"

चहाच्या खिडकीतून ग्लेनिस खदखदून हसली. खाणी बंद पडल्या तरी खाणकामगारांचा हा क्लब तिनेच जिवंत ठेवलाय. "नेरिस, खेळू दे गं त्याला! एकटीच किती दिवस चेंडू ढकलत बसणार आहेस?"

त्याचं नाव येस्टिन. सकाळी डोंगरावरच्या घरांना पत्रं वाटायची की दुपार मोकळी. मी पहाटेपासून बेकरीत, म्हणून माझीही दुपार मोकळी. त्याच्या बोटांवर निळा खडू, माझ्या नखांत मैदा. वसंतात शेफिल्डला माझी निवड स्पर्धा होती. तोवर दुसरा कुठलाही विचार मनात आणायचा नाही, असं मी ठरवलं होतं. ठरवायला काय जातं!

दुसऱ्या दिवशी मी लाल चेंडू ओळीत मांडले आणि एकामागून एक पॉकेटात घातले. मोठ्या तोऱ्यात वळून पाहिलं.

"छान," तो म्हणाला. "पण हा सराव नाही. हे स्वतःचे लाड आहेत."

"काय म्हणालास?"

"जे येतं तेच करतेयस. जे येत नाही ते कर." त्याने पांढरा चेंडू पार लांब ठेवला आणि माझ्या हातात रेस्ट दिली. हात पुरत नाही तिथे क्यू टेकवायची ती लांब काठी, टोकाला पितळी फुली असलेली. लहानपणापासून माझा तिच्यावर राग.

"मला ही काठी मुळीच आवडत नाही."

"म्हणूनच!"

मग रोज तेच. आज काय शिकायचं ते आधी ठरवायचं, चुकलेला फटका तिथूनच पुन्हा मारायचा. आणि दिवसाच्या शेवटच्या फ्रेमवर, म्हणजे डावावर, काहीतरी लावायचं. "पणाला काही असलं की हात थरथरतो," तो म्हणायचा. "स्पर्धेत तर थरथरणारच. मग इथेच सवय करून घे." हरणाऱ्याने चहा करायचा, हरणाऱ्याने ग्लेनिसचा शिळा केक संपवायचा... हळूहळू रेस्ट धरताना माझा हात स्थिर झाला. पण तो शेजारी येऊन उभा राहिला की मात्र...

अशाच एका दुपारी तो क्यूला खडू लावत राहिला... गरजेपेक्षा बराच जास्त.

"नेरिस, रविवारी समुद्रावर येशील? माझ्याबरोबर... नुसतं फिरायला."

मी घाबरले. आणि मी घाबरले की भांडते.

"शेवटची फ्रेम त्यावरच खेळू," मी म्हणाले. "जिंकलास तर येईन. मी जिंकले तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कधीच."

"कधीच?"

"कधीच."

जिभेला हाड नसतं, म्हणतात ते खरं. शब्द तोंडातून गेले आणि मला रडूच यायला लागलं.

शेवटी टेबलावर गुलाबी आणि काळा एवढेच उरले. गुलाबी गेला की फ्रेम त्याची. मी खुर्चीत बसून मनातल्या मनात त्या चेंडूची विनवणी करत होते, जा रे बाबा, जा! पांढरा खूप लांब होता. रेस्ट शेजारीच टेकलेली. पण हा पठ्ठ्या तिला हात न लावता टेबलावर ताणून आडवा झाला. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

आणि तो थांबला. सावकाश उभा राहिला.

"फाऊल. स्वेटर काळ्याला लागला."

"येस्टिन, मी नाही पाहिलं. कुणीच नाही पाहिलं."

"मी पाहिलं ना." चेहरा उतरला होता, आवाज नाही. तो भिंतीशी जाऊन उभा राहिला. "खेळ. दोन्ही सोपे आहेत तुला."

होते. डोळे मिटूनही गेले असते. मुद्दाम चुकवले असते तर त्याला तिथल्या तिथे कळलं असतं. आणि खरेपणापायी स्वतःचा रविवार सोडून देणाऱ्या माणसासमोर मी खोटं कसं खेळणार? माझं याच माणसावर प्रेम आहे, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं.

आणि नियम आठवला.

मी क्यू भिंतीला टेकवला. "पुन्हा तूच खेळ."

"काय?"

"तू फाऊल केलास. आता मी खेळायचं की तुलाच पुन्हा खेळायला लावायचं, ते मी ठरवायचं."

"अगं, ते अवघड चेंडू असले तर. सोपे कुणी असे देतं का?"

"मी देते." मी रेस्ट आणून त्याच्या हातात ठेवली. "आणि आता मुकाट्याने ही घे. न आवडणाऱ्या गोष्टीचाच सराव करायचा असतो ना?"

तो वाकला. कापडावर पितळी फुली थरथरत होती. त्याचा हात कापताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"जरा लांब उभी राहा," तो पुटपुटला. "तू जवळ असलीस की मला..."

"मलाही तसंच होतं," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"आणि चुकलो तर?"

"चुकू नकोस ना. मला समुद्रावर जायचंय."

गुलाबी चेंडू अगदी सावकाश निघाला. पॉकेटाच्या ओठावर जरासा अडला... आणि आत पडला. ग्लेनिसने खिडकीतून टाळ्या पिटल्या. म्हणजे ती सगळं ऐकत होती!

हरणाऱ्याने चहा करायचा, हा आमचा नियम. मी किटली ठेवायला गेले, तेव्हा माझ्या पाचही बोटांना त्याचा निळा खडू लागला होता.