खरवडलेलं नाव

हेस्टर स्टेनहॉफला खोटं बोलता येत नाही. येत असतं, तर घरच्यांशी एवढी भांडणं झालीच नसती. म्हणून तिनं सांगितलं ते जसंच्या तसं सांगतो.

१४ मार्च २००९. शनिवारची भर दुपार. दक्षिण आफ्रिकेतलं प्रिन्स अल्बर्ट गाव उन्हात निपचित पडलेलं.

हेस्टर केपटाउनचे दप्तरखाने धुंडाळून मूळपुरुषाचा छडा लावून आली होती. बारेंट स्टेनहॉफ. तीनशे वर्षांपूर्वी हॉलंडहून येऊन केपटाउनात वसलेला. सुसारा आत्याच्या दिवाणखान्यातल्या पिढीजात बायबलात घराण्याची वंशावळ लिहिलेली होती. त्याच्या बायकोची जागा मात्र कोरी.

"डीना," हेस्टर म्हणाली. "बंगालहून आणलेली गुलाम. आपण सगळे तिचीच लेकरं."

"हळू बोल गं," सुसारा आत्या दचकली. "शेजारी ऐकतील."

"ऐकू देत की!"

हेस्टरनं त्या कोऱ्या जागेत शाईनं नाव लिहिलं. दोघी अंजिराचा मुरंबा ढवळायला आत गेल्या.

बाहेरच्या किड्यांची किरकिर एकदम थांबली...

दिवाणखान्यात बूट वाजले. जड... सावकाश...

मग... खर्र... खर्र...

दोघी धावल्या.

खोलीत कोणीच नव्हतं. नाव गेलेलं. पानावर कागदाचा भुगा, चाकूनं खरवडल्यासारखा.

आत्या पांढरीफटक. "पुरे कर, पोरी! मूळपुरुषाला आवडत नाहीये."

हेस्टर रिकाम्या खोलीवर ओरडली, "मूल झालं तेव्हा लाज नाही वाटली, ती आता वाटते होय?"

तिनं पुन्हा लिहिलं.

असं सहा शनिवार. ती लिहायची... ते खरवडायचं.

सातव्या शनिवारी ती उठलीच नाही. नावावर तळहात दाबून बसली.

बूट आले. खुर्चीमागे थांबले...

मानेवर गार श्वास. तंबाखूचा वास.

ती म्हणाली, "हात काढणार नाही. काय करायचं ते करा."

तिनं तळहात आणखी दाबला...

मग बूट माघारी गेले. दाराबाहेर.

तिनं हात उचलला. नाव शाबूत होतं.

खाली आणखी तीन नावं होती. वेडीवाकडी. शाई ओली...

यान. फ्लोरा. अंतोनी.

यान म्हणजे डीनाचा मुलगा, स्टेनहॉफांचा पूर्वज. डीनाची मुलगी म्हणून फ्लोराची नोंद महिन्याभरात चर्चच्या जुन्या वहीत सापडली. अंतोनी कुठंच नाही. हेस्टर अजून शोधतेय.

पण ती नावं लिहिली कोणी?

डीनाला लिहिता येत नव्हतं. दप्तरात तिच्या सहीच्या जागी नुसती फुली आहे. शेजारी बारेंटची सही, तशीच वेडीवाकडी.

हेस्टर आजही एकटी असताना त्या पानाला हात लावत नाही.

पण बायबल दिवाणखान्यातच असतं. त्याच पानावर उघडं.