जुने कार्बन

नेहमीचं दुकान त्या दिवशी बंद नसतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण होतं बंद! आणि बकुळा पिशवीत बाबांचं ड्रिल मशीन घेऊन उल्हासनगर कॅम्प पाचच्या भर उन्हात उभी. समोर विजेच्या मोटारी दुरुस्त करायचं एक छोटंसं दुकान, आणि आत कानामागे टेस्टर खोचून बसलेला एक तरुण... हेमचंद्र.

"हे दुरुस्त होईल, की नवीनच घ्यावं लागेल?" तिनं विचारलं.

"एवढ्यात नवीन?" तो हसला. "कार्बन झिजलेत फक्त. हे बघा."

त्यानं मशीनमधून दोन काळे तुकडे काढले. मोटारीला करंट पोचवणारे ते कार्बन झिजून चवळीच्या दाण्याएवढे उरले होते. नवे बसवून जुने त्यानं कागदाच्या पुडीत बांधले आणि तिच्या हातावर ठेवले.

"यांचं मी काय करू?"

"घरी दाखवा. जुना माल गिऱ्हाइकाला परत द्यायचा, ही आमच्याकडची रीत. म्हणजे फसवलं असं कुणी म्हणत नाही."

"आणि नाही दिला तर?"

"तर तुम्ही भांडायला परत याल..." तो मान खाली घालून म्हणाला. "तसंही चालेल म्हणा."

काय हा आगाऊपणा! विठ्ठलवाडीतल्या आपल्या चाळीत पोचेपर्यंत बकुळा त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होती. पुडी मात्र तिनं फेकली नाही. पावडरच्या रिकाम्या डब्यात ठेवून दिली.

तिचे बाबा, भीमराव, नव्या इमारतींना दारं-खिडक्या बसवायचे. हात असा की भल्याभल्या मिस्तरींनी बघत राहावं! महिन्याभरात मशीन पुन्हा ठिणग्या उडवत बंद पडलं, तेव्हा ते म्हणाले, "बकुळे, नवीनच घेऊ या. बदलापूरला मांजर्लीत चार बिल्डिंगचं काम मिळालंय. ऐन वेळी दगा नको."

"कशाला बाबा? तो चांगलं करतो दुरुस्त," बकुळा घाईघाईनं म्हणाली. आणि पिशवी उचलून, वेणीवर अबोली माळून निघालीसुद्धा. ड्रिल मशीनला अबोलीचं काय कौतुक, ते तिचं तिलाच ठाऊक.

"अरे हेमू, तेरी परमनंट कस्टमर आ गई!" शेजारच्या कापडदुकानातला सिंधी काका ओरडला. हेमचंद्रच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पुन्हा कार्बन?" तिनं विचारलं.

"पुन्हा कार्बन."

"मशीनलाच तुमची सवय लागली की काय?"

"मशीनला...?" त्यानं वर पाहिलं, आणि बकुळा उगीचच भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागली.

असं तीनदा झालं. तिन्ही वेळा भीमराव नवीन घेऊ म्हणाले, तिन्ही वेळा बकुळा नको म्हणाली. डब्यात चार पुड्या जमल्या.

मग मांजर्लीत, तिसऱ्या मजल्यावर, अर्धी खिडकी बसवलेली असताना मशीन जळालं. पार धूर निघाला. हातानं भोकं पाडत भीमरावांनी दोन दिवस रेटून नेलं, पण बिल्डरनं काम काढून दुसऱ्याला दिलं. नाव गेलं ते गेलंच. आता पन्नाशीला आलेला तो कारागीर अंबरनाथच्या एका कारखान्यात मालाची खोकी ठोकायला जाऊ लागला.

त्या आठवड्यात एका दुपारी बकुळानं डबा उघडला. हेमचंद्रची आठवण येत होती, दुसरं काय! चारही पुड्या सोडून तिनं कार्बन ओळीनं मांडले... आणि एकेक उचलून ती निरखू लागली. पहिली जोडी चवळीएवढी. बाकीच्या तिन्ही जोड्या जवळजवळ नव्या, लांबच्या लांब! कारागिराच्या घरात वाढलेली पोर ती. कार्बन झिजलेच नव्हते, तर मशीन बंद का पडत होतं?

ती तडक कॅम्प पाचला गेली. चारही जोड्या त्याच्या पुढ्यात मांडल्या.

"हे चांगले होते, हेमचंद्र. तरी मशीन जळालं."

त्याचं तोंड उतरलं. "कार्बन दाबून धरणारी स्प्रिंग... ती थोडी ढिली ठेवायचो," तो पुटपुटला. "थोडीशीच हो! महिन्याभरात ठिणग्या उडाव्यात, एवढीच. मशीन जळेल असं नव्हतं वाटलं..."

"पण का?"

"तुम्ही परत याव्यात म्हणून. बकुळा, मला... मला तुम्ही फार आवडता."

चार महिने तिनं याच शब्दांची वाट पाहिली होती. आरशासमोर उत्तरही घोकून ठेवलं होतं. आता ती पुढ्यातले कार्बन पुन्हा सरळ ओळीत लावत राहिली.

त्यानं फळीवरून एक नवं कोरं मशीन काढलं. "हे बाबांना द्या. माझ्याकडून."

"ते खोकी ठोकतात आता," ती म्हणाली. "नवं मशीन घेऊन ते कुणाच्या दारात उभे राहणार?"

"बकुळा, एकदा..."

"जुना माल परत," तिनं कार्बनकडे बोट दाखवलं. "रीत आहे ना तुमच्याकडची?" आणि ती पायऱ्या उतरली. सिंधी काकानं मारलेली हाक तिला ऐकूही आली नाही.

संध्याकाळी भीमराव कामावरून आले. हातपाय धुता धुता त्यांनी विचारलं, "कॅम्प पाचला गेली होतीस म्हणे, काय म्हणाला तो पोरगा? मशीन होईल दुरुस्त?"

"नाही बाबा."

"बघ, मी आधीच म्हणत होतो, नवीन घेऊ. तूच तर..." तिच्या डोळ्यांत पाणी पाहून ते गडबडले. जवळ आले, डोक्यावरून हात फिरवला. "वेडी कुठली! रडतेस काय? तुझं काय चुकलं त्यात?"

पाठ फिरवून बकुळा स्टोव्हला पंप मारत बसली.