उंद्रीचा संशयित प्रवासी

संघर्षला मी हो म्हटलं.

हे वाक्य चुकून पडलंय. असं काहीही झालेलं नाही. मी चिखलीच्या एसटी स्टँडसमोर सर्वे करत होते, बस.

शहराचा वाहतूक आराखडा बनत होता. एसटी, ऑटो, काळीपिवळी जीप, सायकल... सगळ्यांचा मेळ बसवायचा. उतरेल त्याला मी विचारायचे, कुठून आलात, कशानं आलात? खोटा प्रवासी मोजला तर नोकरी गेली, असं आमचे साहेब, निवृत्ती सर, यांनी बजावलं होतं.

हा संघर्ष नावाचा माणूस सकाळी एसटीतून उतरला. उंद्रीहून. दुपारी काळीपिवळीतून उतरला. उंद्रीहूनच. संध्याकाळी सायकलवर, घामाघूम, पण भांग जागच्या जागी. रोज!

सर मात्र खूश. उंद्रीची गर्दी पाहून त्यांनी कच्च्या आराखड्यात नवी बस, जीपथांबा आणि सायकलींची शेड टाकली. तिन्ही एकट्या संघर्षसाठी.

आकडे फुगवायला जीपवाल्यांनी पाठवलाय, मला खात्रीच पटली. मी त्याला अडवलं.

“कोणाचा माणूस आहेस बे तू?”

“अजून तं... कोणाचाच नाही.”

“काम काय हाय चिखलीत?”

“काहीच नाही.”

“मंग येऊन काऊन राह्यला?”

“तुम्ही विचारता ना, कुठून आलात म्हणून... सांगाले बरं वाटते.”

“सगळ्यांलेच विचारा लागते मले!”

“हाव. पण माह्या वेळेस तुमचा पेन थांबते.”

पेन थांबत नव्हता. शाई संपायची. रोज. त्याच वेळी.

सरांना मी खरं सांगून टाकलं. नोकरी वाचली, बस, थांबा, शेड गेले. शिवाय उंद्रीत खरे प्रवासी किती, ते बघायला सरांनी मलाच पाठवलं. काळीपिवळीत शेजारी कोण? हाच.

“मले खोडलं म्हणे?”

“पुरा.”

ड्रायव्हरनं आमच्याच सीटवर आणखी दोघे कोंबले. यातही याचा हात असणार. बाहेर सोयाबीन हलत होतं, आत आमचे खांदे. खांदे खड्ड्यांमुळे.

“उद्या सर्वे संपते,” तो हळूच म्हणाला. “मंग मी चिखलीत... कोणासाठी उतरू?”

मी खिडकीबाहेर पाहिलं.

“नको उतरू.”

“मंग?”

“बसून राह्य. इथंच.”

तो काही बोलणार — तेवढ्यात उंद्री आलं. इतक्या लवकर येणं मला संशयास्पद वाटतं.

सबब, संबंधित खात्यास विनंती की, चिखली-उंद्री रस्त्याची लांबी जनहितार्थ तातडीने वाढवून मिळावी.